ग्राफिक्स कार्ड बिघडलंय, हे सिद्ध करायचं कोणी?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांनी एवढ्यात कॉम्प्युटरचा एखादा महागडा पार्ट घेतलाय किंवा पोरांच्या हट्टापायी घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी ग्राफिक्स कार्डाच्या जागी फ्रिज, मिक्सर, मोबाईल काहीही धरून वाचलं तरी चालेल.

दुकानाच्या बिलाखाली एक ओळ छापलेली असते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ लहानपणापासून आपण ती इतक्यांदा वाचलीय की तो कायदाच वाटतो. तो कायदा नाही. कायदा बरोब्बर उलटं बोलतो, ते पुढे येईलच. ऑनलाइनच्या जमान्यात या ओळीला एक धाकटं भावंड झालंय: ‘सात दिवसांत बदलून मिळेल, त्यानंतर कंपनीशी बोला.’ माझं आजचं भांडण या धाकट्याशी आहे.

उदाहरण ग्राफिक्स कार्डचंच का? फ्रिज बिघडला तर दूध नासतं, घरातल्या सगळ्यांना कळतं. ग्राफिक्स कार्ड बिघडतं ते अर्धवट. सकाळी चालतं, रात्री चालत नाही. मेल बघताना चालतं, व्हिडिओ रेंडरला टाकला की स्क्रीन काळी. आणि ते बिघडलं की बोट दाखवायला आजूबाजूला भरपूर जण असतात. विक्रेता म्हणतो ड्रायव्हर बघा. कंपनी म्हणते तुमचा पॉवर सप्लाय बघा. पॉवर सप्लायवाला म्हणतो तुमच्याकडची लाइट बघा. गिऱ्हाईक बिचारं गोल गोल फिरतं आणि तेवढ्यात सात दिवस संपतात.

‘पोरांच्या गेमसाठी घेतलेली चैनीची वस्तू, तिचं काय एवढं’ असं म्हणणारे इथे कॉमेंटमध्ये येणारच. त्यांनी एकदा तालुक्याच्या गावात फेरी मारावी. लग्नाचे व्हिडिओ आणि अल्बम करणारे, घरांचे थ्रीडी प्लॅन काढून देणारे, ॲनिमेशन शिकणारी पोरं, इंजिनिअरिंगला एआयचा प्रोजेक्ट करणारे, सगळ्यांना हे कार्ड लागतं. चाळीस, साठ, ऐंशी हजारांची वस्तू. बऱ्याच जणांनी हप्त्यावर किंवा पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेली. हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो, कार्ड चालो न चालो.

आमच्या ओळखीतल्या एका पोराचं सांगतो. लग्नाचे व्हिडिओ करतो. तुळशीचं लग्न झालं की त्याचा सीझन सुरू होतो. ऐन त्याच वेळेला नवीन कार्ड ऑनलाइन मागवलं. पहिले चार दिवस मजेत. पाचव्या दिवशी रेंडर चालू असताना स्क्रीन काळी, आवाज मात्र चालू. रीस्टार्ट केलं की पुन्हा ठीक. विक्रेत्याच्या कस्टमर केअरने ड्रायव्हर बदलायला सांगितला, मग विंडोज नवीन टाकायला सांगितलं, मग ‘अजून दोन दिवस वापरून बघा सर’. हे ‘दोन दिवस वापरून बघा’ ऐकलं की मला लगेच वास येतो. मी त्याला म्हटलं, बाबा, आज सहावा दिवस आहे. परतीची रिक्वेस्ट आत्ता टाक, तपासत बस नंतर. त्याने टाकली.

रिक्वेस्टला उत्तर काय आलं? ‘तपासणीत दोष आढळला नाही.’ कारण तपासायला आलेल्या माणसाने कॉम्प्युटर चालू केला, डेस्कटॉप दिसला, फोटो काढला आणि गेला. म्हणजे दम्याच्या माणसाला खुर्चीत बसवून विचारायचं, आत्ता दम लागतोय का? नाही ना, मग बरा आहेस.

मग आम्ही तेच कार्ड दुसऱ्या एका चांगल्या चालणाऱ्या मशीनमध्ये घातलं आणि सलग व्हिडिओ काढला. बॉक्सवरचा सीरियल नंबर, कार्डावरचा सीरियल नंबर, कार्ड बसवताना, रेंडर सुरू, अकराव्या मिनिटाला स्क्रीन काळी. त्याच पोराचं जुनं कार्ड त्याच मशीनमध्ये घालून तेच रेंडर पूर्ण झालं, तेही त्याच व्हिडिओत. हे सगळं लेखी तक्रारीला जोडलं, १९१५ वर तक्रार नोंदवली, आणि तेविसाव्या दिवशी पैसे परत आले. तोवर दोन लग्नांचं काम त्याने शहरातून भाड्याने मशीन आणून केलं. ते भाडं कोणी दिलं नाही, द्यायचा विषयही निघाला नाही.

त्याला पैसे मिळाले कारण त्याच्याकडे जुनं कार्ड होतं, दुसरं मशीन मिळालं, आणि या भानगडीत पडायची हौस असलेले आम्ही दोघं-तिघं होतो. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याने काय करायचं?

आता तपासायचं कसं ते बोलू. माझं स्पष्ट मत आहे की गिऱ्हाइकाने यात एकच दिवस घालवावा, जास्त नाही. पण तो एक दिवस घालवावाच, कारण परत पाठवलेल्या मालातला बराचसा माल चांगलाच असतो आणि त्याचा भुर्दंड शेवटी आपल्यावरच पडतो.

सगळ्यात आधी मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. हसू नका. मदरबोर्डलाही एचडीएमआयचं तोंड असतं, कार्डालाही असतं. नवीन कार्ड बसवलं आणि केबल जुन्याच जागी राहिली, असे कितीतरी ‘बिघाड’ मी दोन मिनिटांत दुरुस्त करून चहा पिऊन आलोय. दुसरं, पंखे फिरत नाहीत म्हणून घाबरू नका. आजकालची बरीच कार्डं थंड असताना पंखे मुद्दाम बंद ठेवतात, काम वाढलं की फिरतात.

मग पॉवर. खरा घोळ इथे असतो. कार्डाला मदरबोर्डच्या खाचेतून ७५ वॅट मिळतात. आठ पिनांच्या एका जोडणीतून १५०. त्यापुढे लागेल तसं वाढवत न्यायचं. पॉवर सप्लायच्या एकाच केबलला दोन तोंडं असतात, ती दोन्ही कार्डाला लावून मोकळं होऊ नका. मोठ्या कार्डाला दोन स्वतंत्र केबल्स लावा. कनेक्टर ‘टक’ आवाज होईपर्यंत आत गेलाय ना बघा. लोडवर अख्खा कॉम्प्युटरच धाडकन बंद पडून परत सुरू होत असेल तर पहिला संशय पॉवर सप्लायवर घ्या. स्क्रीन जाते पण आवाज चालू राहतो, पंखे जोरात पळतात, तर संशय कार्डाकडे किंवा ड्रायव्हरकडे सरकतो.

लाइटचं आपल्याकडे वेगळंच. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात? मग घराचं अर्थिंग नाही किंवा तुटलंय, कार्डाच्या आधी वायरमनला बोलवा. आणि कॉम्प्युटर स्वस्तातल्या यूपीएसवर असेल तर एकदा तो काढून, थेट चांगल्या सॉकेटवर लावून बघा. काही यूपीएस बॅटरीवर गेल्यावर जी वीज देतात ती आजच्या पॉवर सप्लायना पचत नाही. लाइट गेल्यावरच बंद पडत असेल तर कार्डाला दोष देऊ नका.

ड्रायव्हर. आधीचा पूर्ण काढून टाका (त्यासाठी डीडीयू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, सेफ मोडमध्ये चालवायचं), कार्डाच्या चिप कंपनीच्या साइटवरून नवा घ्या. एकदाच. विक्रेता तिसऱ्यांदा ड्रायव्हर टाकायला सांगत असेल तर तो तुमचे दिवस खातोय.

आणि एक खूण सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी. कॉम्प्युटर सुरू होतानाच, विंडोज यायच्या आधी, बायोसच्या स्क्रीनवरच रंगीत ठिपके, चौकटी, रेघा दिसतायत का? तिथे ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो. केबल आणि मॉनिटर बदलूनही ठिपके तसेच असतील तर ड्रायव्हरची गोष्ट संपली. त्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा, ही खूण कुठल्याही कस्टमर केअरला तोडता येत नाही.

शेवटची आणि पक्की तपासणी म्हणजे कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये. तिथेही तेच झालं तर कार्ड वाईट, तिथे नीट चाललं तर तुमचं मशीन वाईट. बस. याच्या पुढे जाऊ नका. स्क्रू खोलून पेस्ट बदलणं नको, बायोस फ्लॅश करणं नको. यूट्यूबवर कार्ड ओव्हनमध्ये भाजून जिवंत करणारे महाभाग आहेत, ते वॉरंटी संपलेल्या कार्डावर करत असतात. खोललेलं कार्ड घेऊन गेलात की सर्व्हिस सेंटरचं काम तुम्हीच सोपं केलंत.

‘एवढ्या मोठ्या कंपन्या, त्यांचा माल खराब कसा निघेल, हाच काहीतरी उद्योग करत असेल.’ असं गिऱ्हाइकाच्या बापापासून सगळ्यांना वाटतं. जरा इतिहास बघू.

फेब्रुवारी २०२५. एनव्हिडियाची आरटीएक्स ५०९० ही सगळ्यात महाग कार्डं नुकतीच बाजारात आलेली. काही लोकांनी जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं तेव्हा दिसलं की चिपच्या आत आरओपी नावाचे जे १७६ भाग असायला हवेत, ते त्यांच्या कार्डात १६८च आहेत. कंपनीला मान्य करावं लागलं. सुमारे अर्धा टक्का कार्डांत हा दोष आहे, वेग सरासरी चार टक्के कमी पडतो, कार्ड बनवणाऱ्यांकडून बदलून घ्या. आरटीएक्स ५०७० टीआयमध्येही तेच निघालं आणि मग ५०८०मध्येही. चार टक्के कमी वेग कुणाच्या डोळ्याला दिसणार? कंपनीच्या कारखान्यात जे दिसलं नाही ते गिऱ्हाइकाने घरी बसून शोधलं.

त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये आलेलं एएमडीचं आरएक्स ७९०० एक्सटीएक्स. काही कार्डांचं तापमान ११० अंशांवर जात होतं. हे तापमान ठीकच आहे असं सांगून परत पाठवल्याच्या तक्रारी सुरुवातीला होत्या. जानेवारीत कंपनीने कबूल केलं की काही कार्डांच्या थंड करणाऱ्या भागात, व्हेपर चेंबरमध्ये, पाणीच कमी भरलं गेलं होतं. म्हणजे ‘ठीकच आहे’ ऐकून जे गप्प बसले असतील त्यांचं काय झालं असेल, विचार करा.

आरटीएक्स ४०९० च्या सोळा पिनांच्या कनेक्टरचं प्रकरण तर गाजलेलंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये कार्ड आलं आणि कनेक्टर वितळल्याचे फोटो यायला लागले. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने सांगितलं की जगभरात सुमारे ५० प्रकरणं आहेत आणि बऱ्याच ठिकाणी कनेक्टर पूर्ण आत बसवलेला नव्हता. म्हणजे चूक गिऱ्हाइकाची. बरं, मान्य. मग पुढच्या वर्षी त्याच कनेक्टरचं डिझाइन सुधारून पिनांची लांबी का बदलली? अर्धवट बसला तरी सहाशे वॅटपर्यंतची वीज जाऊ देणारा कनेक्टर, हा माझ्या मते डिझाइनचाच दोष. घरातल्या प्लगला आपण हे कधी चालवून घेतलं असतं का?

आणि याच धंद्यात चांगलं वागलेलेही आहेत. २०२१ च्या जुलैमध्ये ‘न्यू वर्ल्ड’ हा गेम खेळताना ईव्हीजीएची काही आरटीएक्स ३०९० कार्डं जळली. कंपनीने जळालेली कार्डं परत मागवून तपासली, सोल्डरिंगमध्ये दोष होता हे जाहीर सांगितलं आणि बदली कार्डं आधीच पाठवली होती. (वर्षभराने ती कंपनी ग्राफिक्स कार्डच्या धंद्यातूनच बाहेर पडली, पण ते वेगळ्या भांडणातून.)

मुद्दा इतकाच की दोष कारखान्यातूनही येतात. मग आपल्याकडे पहिला संशय प्रत्येक वेळी गिऱ्हाइकावर का?

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू झाला २० जुलै २०२० ला. त्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ कशाला म्हणायचं याची यादी आहे. त्यात हेही आहे की सदोष माल विकल्यावर तो परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं. मुदत किती? बिलावर लिहिली असेल ती, आणि बिलावर काही लिहिलंच नसेल तर ३० दिवस. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीतली गोष्ट आहे, ‘कच्चं बिल देतो, दीड हजार कमी करतो’ म्हणणाऱ्यांसाठी सांगतोय.

ऑनलाइन खरेदीला २०२० चे ई-कॉमर्स नियम वेगळे आहेत. त्यात सरळ म्हटलंय की माल सदोष असेल, नकली असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याने परत घ्यायला नकार द्यायचा नाही. पोर्टलने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. वेबसाइटवरची सात दिवसांची ओळ म्हणजे तुमच्या हक्काची शेवटची तारीख नव्हे. ग्राहक आयोगात जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. वकील लागतोच असं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विक्रेता बंगळुरूचा असो की दिल्लीचा, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तक्रार ऑनलाइनही भरता येते.

व्यवसायासाठी वापरणाऱ्यांना एक भीती घातली जाते: ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाहीच.’ अर्धवट माहिती आहे ही. स्वतःच्या स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, हे कायद्याच्या व्याख्येतच लिहिलंय. आमचा लग्नाचे व्हिडिओ करणारा पोरगा ग्राहकच. वीस मशीन लावून स्टुडिओ चालवणाऱ्या कंपनीची गोष्ट निराळी.

हे वाचून वाटेल, कायदा तर मस्त आहे, मग रडताय कशाला? रडतोय ते पुराव्यासाठी. कायदा ‘सदोष माल’ म्हणतो. सदोष आहे हे दाखवायचं कोणी? आपल्याकडे ते ओझं तक्रार करणाऱ्यावर येतं. साध्या तपासणीने दोष कळत नसेल तर आयोग माल प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याचा खर्च आधी तक्रारदाराने भरायचा, अहवाल ४५ दिवसांत यायचा. कपडा, तेल, सिमेंट यांची प्रयोगशाळा समजू शकतो. अकराव्या मिनिटाला काळी पडणारी स्क्रीन तपासणारी प्रयोगशाळा आपल्या जिल्ह्यात कुठे आहे हे कुणाला माहीत असेल तर खरंच सांगा.

कायद्यात मुदत तपासणी नसेल तर तीन महिने, असेल तर पाच महिने. प्रत्यक्षात काय होतं ते ज्यांनी तारखा काढल्यात त्यांना विचारा. अध्यक्ष नाही, सदस्य नाही, कोरम नाही. देशभरातल्या आयोगांतली ही रिकामी पदं बघून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशात कायदा यायच्या दहा-बारा वर्षं आधी ही चळवळ ज्या राज्यात उभी राहिली, तिथे तरी आयोगाची खुर्ची रिकामी राहू नये, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

युरोपात काय करतात बघा. तिथे मालाला दोन वर्षांची कायदेशीर हमी असते आणि पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो विकतानाच होता असं धरून चालतात. तसं नव्हतं हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याप्रमाणे पहिल्या ३० दिवसांत सदोष माल थेट नाकारून पूर्ण पैसे परत मागता येतात. नंतर सहा महिन्यांपर्यंत दुरुस्ती किंवा बदलीच्या भांडणात दोष आधीपासून होता असंच धरतात. तिकडच्या आपल्या मराठी मंडळींना विचारा, ‘रिटर्न’ हा शब्द ते किती सहज उच्चारतात. तिकडचे दुकानदार काही साधुसंत नाहीत. ओझं कोणाच्या डोक्यावर ठेवलंय, एवढाच फरक.

माझी मागणी हीच आहे. पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष कारखान्याचा धरा, नसेल तर विक्रेता आणि कंपनीने सिद्ध करावं. त्यांच्याकडे लॅब आहे, इंजिनिअर आहेत, हजारो कार्डांचे रेकॉर्ड आहेत. गिऱ्हाइकाकडे एक मोबाईल आणि शेजाऱ्याचा कॉम्प्युटर आहे. दुसरं, सर्व्हिस सेंटरने वॉरंटी नाकारली तर कारण लेखी द्यावं, फोटोसकट. ‘फिजिकल डॅमेज’, ‘बर्न मार्क’, ‘रस्ट’ हे तीन शब्द तोंडी सांगून कार्ड हातात परत ठेवायचं बंद व्हावं. कोकणात समुद्राच्या हवेत लोखंडी पट्टीवर गंज चढतो, म्हणून आतली चिप खराब झाली हे कुठलं तर्कशास्त्र? गंजाचा आणि बिघाडाचा संबंध दाखवा, मग नाकारा.

दुकानदारांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर लॅमिंग्टन रोडवरचे माझे दोस्त मला चहा पाजायचे नाहीत. ग्राफिक्स कार्डवर त्यांना फार काही सुटत नाही, ऑनलाइनच्या भावाने विकावं लागतं. वितरक माल परत घेत नाही, दुकानदाराचे पैसे अडकतात. आणि लबाड गिऱ्हाइकंही आहेत. नव्या कार्डाच्या बॉक्समध्ये जुनं मेलेलं कार्ड भरून परत करणारे आहेत. प्रोजेक्ट संपेपर्यंत आठवडाभर वापरून ‘पसंत नाही’ म्हणून परत पाठवणारे आहेत. याला हक्क म्हणत नाहीत, ही चोरी आहे, आणि तिची किंमत पुढचा खरा तक्रारदार मोजतो. तरीही छोट्या दुकानदाराचं भांडण वितरकाशी आणि कंपनीशी आहे. ते त्याने गिऱ्हाइकाच्या खांद्यावर बंदूक ठेवून लढू नये.

मग परत करायचं की वॉरंटीत द्यायचं? लोक मला हेच सगळ्यात जास्त विचारतात. मुदत शिल्लक असेल आणि दुसऱ्या मशीनमध्ये दोष दिसला असेल तर परत करा, पैसे घ्या. ‘वॉरंटी तीन वर्षं आहे, कशाला घाई’ या बोलण्यात येऊ नका. वॉरंटीत गेलेलं कार्ड आठवडे-महिने अडकू शकतं, बदल्यात दुरुस्त केलेलं कार्ड मिळू शकतं, आणि वॉरंटीची तारीख सहसा जुनीच चालू राहते. एकच अपवाद. मधल्या काळात भाव वाढलेले असतील तर पैसे परत घेऊन त्यात तेच कार्ड येणार नाही, तेव्हा बदली मागा. दोष अधूनमधून येतो आणि व्हिडिओत पकडता येत नाही, अशा वेळीही मुदतीच्या आत लेखी कळवून ठेवा. फोनवर नाही, मेलवर.

नुसता ‘किर्रर्र’ आवाज येतो, बाकी सगळं ठीक, तर? कंपन्या त्याला दोष मानत नाहीत. परतीची सोय असेल आणि कानाला सहन होत नसेल तर परत करा, नसेल तर त्यावर कोर्टकचेरी करण्यात अर्थ नाही. तापमान जास्त वाटतंय पण कार्ड बंद पडत नाही, तर आधी कॅबिनेटचं झाकण काढून बघा. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद कपाटात ठेवलेला कॉम्प्युटर कुठलंही कार्ड तापवेल. आणि भावाने अमेरिकेहून किंवा कुणी दुबईहून आणलेलं कार्ड असेल तर इथलं सर्व्हिस सेंटर बहुतेक वेळा दारातूनच परत पाठवतं. वाचलेले पाच-दहा हजार त्या धोक्याचे असतात, हे घेतानाच मोजा.

पार्सल आलं की बॉक्स फोडतानाचा न तोडलेला व्हिडिओ काढा, त्यात सीरियल नंबर येऊ द्या. बिल जपून ठेवा, कागद असेल तर त्याचा फोटो काढा, थर्मल प्रिंट वर्षभरात पुसट होते. सर्व्हिस सेंटरला देताना कार्डाचे दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो काढा आणि पावतीवर ‘कुठलंही बाह्य नुकसान नाही’ असं लिहून घ्या. काउंटरवरचा माणूस कुरकुरेल, कुरकुरू द्या. परत घेताना सीरियल नंबर जुळवा.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मराठीत बोललात तरी चालतं. तक्रार क्रमांक मिळेल, तो घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. बरेच विक्रेते त्या क्रमांकानंतरच नीट बोलायला लागतात, असा माझा अनुभव.

विक्रेत्याला पाठवायच्या पत्राचा एक पानी मराठी नमुना मी तयार करून ठेवलाय. कायद्याचा उल्लेख त्यात आहे, फक्त तारखा, रक्कम आणि दोषाचं वर्णन तुमचं भरायचं. हवा असेल त्यांनी खाली ‘पत्र’ एवढं लिहा, मेसेजमध्ये पाठवतो. बिलाचा फोटो मात्र कॉमेंटमध्ये टाकू नका, त्यावर तुमचा पत्ता आणि मोबाईल नंबर असतो.